आईला सांगितलं आहे की कॉम्प्युटर मंद आहे

१२ जानेवारी, सोमवार

धाकट्या,

आशीर्वाद तू घेशील की नाही याची खात्री नाही, म्हणून ते नुसते वर ठेवून देतो. हवे तेव्हा उचल.

पत्राचं कारण तांत्रिक आहे. तुझा फोन वाजतो, तू घेत नाहीस. मेसेजच्या दोन खुणा निळ्या होतात आणि तिथेच विषय संपतो. म्हणून पोस्टाने कळवतो आहे, की तू स्वतःच्या हाताने जोडून दिलेला कॉम्प्युटर मंद झाला आहे.

मंद म्हणजे किती, तर सकाळी बटण दाबून मी आंघोळीला जातो. येतो तेव्हा पडद्यावर ते वर्तुळ फिरत असतं. दाढी करतो, वर्तुळ फिरत असतं. चहा घेतो, ते फिरतंच आहे. तुझी वहिनी म्हणते, "तुमच्यावर गेलाय. उठल्यासारखा दिसतो, पण उठलेला नसतो." प्रेसमधून मुद्रितं आता मेलवर येतात, आणि एक पान उघडेपर्यंत त्यातल्या चुका मला अंदाजाने सांगता येऊ लागल्या आहेत.

व्याधीचं मूळ शोधायला बसलो. कोणता प्रोग्राम किती स्मृती खातो हे दाखवणारी ती खिडकी तू मला एकदा उघडून दिली होतीस, ती तेवढी लक्षात होती. तर आपल्या घरी तीन अँटिव्हायरस नांदत आहेत. पहिला तुझा. त्याची मुदत संपली आहे, पण निवृत्त हेडक्लार्कसारखा खुर्ची अडवून बसला आहे आणि रोज नूतनीकरणाची आठवण देतो. दुसरा माझा, प्रेसच्या अकाउंटंटने त्याची फार स्तुती केली होती. तिसरा आईने आणला. पडद्यावर लाल पाटी आली, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, वाचवायचा का?" आईने 'होय' दाबलं. मी विचारलं, "विचारायचं तरी मला." ती म्हणाली, "धोक्यात आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?"

मला वाटलं, तीन तर तीन, अधिकस्य अधिकं फलम्. आता कळतंय की हे तीन द्वारपाल बाहेरच्या चोराकडे बघतच नाहीत, दिवसभर एकमेकांचीच झडती घेत असतात. यातला कोणता ठेवू आणि कोणता काढू? की तिघांनाही निरोप देऊन एखादा हलका शोधू? तुझा हा धंदा आहे, दोन ओळी लिहायला हरकत नसावी.

आई बरी आहे. रविवारी पाच वाजता कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून बसते, तुझी जुनी वेळ. मोबाइलवर दाखवू का म्हटलं तर म्हणते, "पोस्टाच्या तिकिटाएवढा मुलगा मला नको." तुझा चेहरा का येत नाही, याचं उत्तर म्हणून कॉम्प्युटर मंद आहे असं तिला सांगितलं आहे. तिला ते लगेच पटलं. आपल्या आईला काहीतरी लगेच पटलं, हे मला जरा जड गेलं.

तुझा
दादा


९ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

तुझा मेसेज मिळाला. पूर्ण उद्धृत करतो, कारण तेवढंच वाङ्मय माझ्याजवळ आहे: "आईने ते शब्द स्वतः मागे घेतले की फोन करीन. कॉम्प्युटरचं दुकानात विचार."

दोन वाक्यं, दोन्ही निर्दोष. मुद्रितशोधक म्हणून मला काही करायला जागा नाही.

ते शब्द मला पाठ आहेत. तुझा घटस्फोट होऊन महिना झाला होता. जेवायच्या टेबलावर मामा होता, मावशी होती, आणि आई पाणी वाढता वाढता म्हणाली, "तुझ्याजवळ कोण टिकणार? जन्म दिला म्हणून, नाहीतर मीही टिकले नसते." मावशी हसली, तिला वाटलं थट्टा आहे. तू ताट तसंच ठेवून उठलास. तीन वर्षं होतील. तुझी अट रास्त आहे, हे मी तेव्हाही म्हणालो असतो, मला कोणी विचारलं असतं तर.

अडचण एकच आहे. गेल्या पत्रात मी 'आई बरी आहे' असं लिहिलं होतं. ते वाक्य व्याकरणाला धरून होतं, वस्तुस्थितीला नव्हतं.

मी तिला समोर बसवून विचारलं, "आई, तू त्या दिवशी टेबलावर धाकट्याला काय म्हणालीस?"

"कोणत्या दिवशी?"

"तो जेवता जेवता उठून गेला तेव्हा."

"तो कशाला उठून जाईल? सगळ्यांत शेवटी उठतो तो. भांडी घासायला मी थांबलेली असते आणि हा बोटं चाटत बसलेला." मग मला म्हणाली, "तुम्ही दोघं भांडलात का? तू मोठा आहेस, तू पडतं घे."

डॉक्टरांकडे वहिनी घेऊन जाते, मी बाहेर बसतो. आत तपासणीत आईने त्यांनाच विचारलं म्हणे, की तुमचं नाव काय, तुम्हाला आठवतं का? डॉक्टर म्हणतात, यात ताजं आधी जातं आणि जुनं मागाहून. म्हणजे तिची गेली काही वर्षं गेली. त्यात ते टेबल गेलं, तुझा घटस्फोट गेला, मामा वारला तेही गेलं. तू अजून शाबूत आहेस. पण रांगेत आहेस. वर्षाच्या आत ती चेहरे ओळखणं सोडेल, असं त्यांनी वहिनीला सांगितलं, आणि वहिनीने ते मला भाजी निवडताना, मान वर न करता सांगितलं.

तेव्हा शब्द मागे घ्यायला ते आधी तिच्याजवळ असायला हवेत ना. तिच्या हिशेबी तिने काही दिलेलंच नाही. तू ज्या आईवर रागावला आहेस ती आता या घरात राहत नाही. जी राहते ती रविवारी पाचला तुझ्यासाठी केस विंचरून बसते. तू हिच्याशी बोल, एवढंच सुचवतो. अट तिच्यावर राहू दे, हिच्यावर नको.

कॉम्प्युटरचं म्हणशील तर तिघांनाही काढायचं ठरवलं. हे अँटिव्हायरस जाताना फार गळ घालतात. "खरंच काढायचं? तुम्ही असुरक्षित व्हाल." होय म्हटलं. "कारण सांगाल का?" सांगितलं. "जाण्यापूर्वी पुन्हा एकदा विचार करा." तू निघालास तेव्हा आपल्या घरात एवढी विचारपूस कोणी केली नव्हती.

तुझा
दादा


२४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

कॉम्प्युटर सुधारला. ही आनंदाची बातमी नाही, पण क्रमाने सांगतो.

तिघे गेल्यावरही तो रेंगाळतच होता. मग सुरू होतानाच आपोआप उठून बसणारे प्रोग्राम पाहिले. त्यांत घरच्या प्रिंटरचा एक होता, जो प्रिंटर आपण विकूनही टाकला आहे, आणि एक हवामान सांगणारा, ज्याच्यापेक्षा आपली खिडकी बरी. त्या सर्वांना झोपायला लावलं. डिस्क काठोकाठ भरली होती, ती थोडी रिकामी केली. खोका उघडून ब्रशने पंख्यावरची धूळ काढली. धूळ कसली, उशीचा कापूस होता. शेवटी अँटिव्हायरस. हलका कोणता, यावर जगात टोकाचे मतभेद आहेत असं दिसलं. मी हलक्याची माझी व्याख्या केली: जो आपण काम करत असताना गप्प बसतो, आपण उठलो की घर तपासतो, थोडं खातो, आणि 'मी आहे, मी आहे' असं दर तासाला सांगत नाही, तो हलका. वहिनी म्हणाली, "असा माणूस असता तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं." दोन बसवून पाहिले, दोन्ही बडबडे निघाले. मग कळलं की कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीतच एक रखवालदार असतो. आपण बाहेरून माणसं आणली म्हणून तो बिचारा बाजूला झाला होता. बाकीचे गेल्यावर तो मुकाट्याने कामावर हजर झाला. आमच्या कामाला तेवढा पुरतो.

आता बटण दाबलं की मी खुर्ची ओढेपर्यंत पडदा तयार असतो.

रविवारी आई आली. तिने पाहिलं. "झाला ना नीट?"

"झाला."

"मग लाव त्याला."

लावला. वाजत राहिला. तू घेतला नाहीस.

"कामात असेल," मी म्हणालो.

"रविवारी?"

"त्यांच्याकडे असतं कधी कधी रविवारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी आपण दोघांनी काच फोडून वारा आला होता असं सांगितलं होतं, तेव्हा तिने जसं पाहिलं होतं, तसं. स्मरण गेलं, पण ती नजर गेलेली नाही. दिवे लागेपर्यंत बसली. मग म्हणाली, "तो माझ्यावर रागावलाय का रे?"

एवढ्या दिवसांत हे तिने पहिल्यांदा विचारलं. मंद कॉम्प्युटर होता तोवर हा प्रश्न तिला पडायचं कारणच नव्हतं. ती म्हणाली, "मी काही बोलले का त्याला? मला सांग, मला आठवत नाही." आणि रडली. पुढच्या अर्ध्या तासात का रडत होती ते विसरली, पण रडणं थांबेना. कारण नसलेलं रडणं कसं थांबवायचं, हे आम्हाला शिकवलेलं नव्हतं. कॉलेजात न्यायशास्त्र शिकवणारे आमचे पंडितजी म्हणायचे, कारण काढून घ्या, कार्य आपोआप जातं. पंडितजींना आमची आई भेटलेली नव्हती.

वहिनी रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "तुम्ही तो नीट करायलाच नको होता."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. तूच म्हणाला होतास दुकानात विचार.

"अँटिव्हायरस हवाय," मी म्हणालो.

"हलका देऊ? जुना असेल ना तुमचा कॉम्प्युटर."

"जड द्या. सगळ्यांत जड कोणता?"

दुकानदाराने चष्मा वर केला. "काका, लोक उलटं विचारतात."

"माझी केस वेगळी आहे."

"हा घ्या मग. पण सांगून ठेवतो, हा चालू झाला की दुसरं काही चालणार नाही. परत आणलात तर घेणार नाही मी."

"उत्तम," मी म्हणालो. त्याला मी कोणाचा तरी सूड घेतोय असं वाटलं असावं.

त्यात वेळ ठरवून देता येते. दर रविवारी पाच वाजता संपूर्ण तपासणी. परवाच्या रविवारी आई बसली, वर्तुळ फिरू लागलं, ती म्हणाली, "अजून मंदच आहे की हा," आणि पाठ टेकून निवांत विणत बसली. मला म्हणाली, "तुला जमत नसेल तर राहू दे. तो येईल तेव्हा करील, त्याचाच आहे तो."

हे सगळं तुला हसायला म्हणून लिहितो आहे.

तुझा
दादा


१६ मार्च, सोमवार

धाकट्या,

काल तू फोन केलास. तो आम्ही कापला नाही. हे वाक्य आधी वाच, मग पुढचं वाच. पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.

तू करशील असं मला वाटलंच नव्हतं. माझी पत्रं तू वाचलीस की वहिनीने परस्पर काही कळवलं, माहीत नाही. ती विचारू देत नाही. पाच वाजून गेले होते. तपासणी ऐन भरात होती. आई विणत होती, मी आतल्या खोलीत मुद्रितं पाहत होतो, आणि कॉम्प्युटर वाजला. तीन वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज. मी उठताना टेबलावरची दौत सांडली.

आई हिरव्या खुणेवर बाण नेत होती आणि बाण जागचा हलत नव्हता. मी माउस घेतला. बाण एकदम पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. मी परत आणला, दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग तू आलास. म्हणजे कपाळ आलं, डावा डोळा आला, नाकाच्या जागी चौकटी चौकटी होत्या. आवाजातलं एकच अक्षर आलं, 'आ'. आई म्हणायला लागला होतास की आवाज येतोय का असं विचारायला, ते आता तूच जाणे. आणि सगळं होतं तिथे गोठलं.

मी ती तपासणी थांबवायला गेलो. अँटिव्हायरसने सांगितलं, "कृपया प्रतीक्षा करा. आपल्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे." मी प्लग ओढणार होतो, पण ओढला असता तर तेवढा डोळाही गेला असता, आणि आई त्या डोळ्याशी बोलायला लागली होती. तुला तिकडे काय दिसलं असेल याचा मी रात्रभर अंदाज करतो आहे. बहुधा काळा पडदा, आणि मग 'समोरून संपर्क तुटला' अशी काहीतरी ओळ. नंतर मोबाइलवरून मी तुला किती वेळा लावला ते तुझ्या मोबाइलवर दिसेल.

तिचं बोलणं देतो. मी मध्ये काही घातलेलं नाही.

"आलास? केवढे वाढवलेस केस. कमी कर." आणि लगेच, "जेवतोस ना वेळेवर? हा दादा बघ, याचं पोट बघ. याला सांग चालायला." मग म्हणाली, "आज कसा गप्प ऐकतोयस. नाहीतर माझं वाक्य कधी पुरं होऊ देत नाहीस." आणि मग पडद्याच्या कडेला वाकून, तू दिसत होतास त्याच्याही पलीकडे बघत, "सूनबाई कुठाय? तिला अशी बाजूला काय बसवतोस, ओढ की पुढे. लाजते ती. अगं, ये." काही आलं नाही तेव्हा स्वतःच समजूत घालून म्हणाली, "कामात असेल. असू दे. ती आहे तुझ्याजवळ म्हणून मला काळजी नाही. तुझ्याजवळ कोणीही टिकेल रे. स्वभावाने गरीब आहेस तू."

मी मागे उभा होतो. वहिनीने स्वयंपाकघरात नळ सोडून दिला होता, आणि बराच वेळ बंद केला नाही.

शेवटी आई म्हणाली, "ठेवते आता, तुझा वेळ जातोय," आणि पडदा तिने आपल्या हाताने बंद केला. तुझ्या बाजूने तो त्याच्या कितीतरी आधी बंद झालेला होता.

ते शब्द तिने मागे घेतले, धाकट्या. कोणते ते तिला ठाऊक नाही, आणि तू ऐकायला नव्हतास, आणि जिचा दाखला देऊन घेतले ती सून आता आपली नाही. माझ्या शिक्षणात अशा सिद्धतेला काही किंमत नाही, तुझ्यातही नसेल. पण घेतले. मी साक्षीदार आहे.

तो जड अँटिव्हायरस मी काल रात्रीच काढला. जाताना त्याने कारण विचारलं नाही.

फोन कर. कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी.

दादा


१७ ऑगस्ट, सोमवार

धाकट्या,

मार्चचं पत्र परत आलं. पाकिटावर 'येथे राहत नाहीत' असं लिहिलं आहे, अक्षर सुवाच्य, शुद्धलेखन बिनचूक. मेसेजची आता एकच खूण उमटते, करड्या रंगाची. त्याचा अर्थ वहिनीने मला समजावून सांगितला. तू तुझ्या जागी चूक नाहीस. ज्या घराने तीन वर्षांनी केलेला फोन तोंडावर आपटला, त्या घराशी मीही असंच वागलो असतो.

हे पत्र तुझ्या आधीच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो आहे, मार्चचं आत घालून. ऑफिसवाले पुढे पाठवतील अशी आशा मला नाही, पण दुसरा पत्ताही नाही.

कॉम्प्युटर उत्तम चालतो. मी तो बंदच करत नाही.

आई मात्र त्याच्यापुढे बसत नाही. त्यानंतरच्या रविवारी मी खुर्ची ओढून दिली, तर म्हणाली, "परवा तर बोललो आम्ही. सारखं काय त्याला?" शेजारणीला सांगत होती, की धाकटा फार शांत झालाय, पूर्वी केवढा तिखट होता. पुढे दोन-तीन महिने तिला एवढंच पुरलं. तुझी वाट पाहायचं काम तिने पूर्ण करून टाकलं होतं. मी मनात म्हटलं, कुणाचं तरी झालं.

उन्हाळ्याच्या अखेरीस मला ती 'अहो' म्हणू लागली. वहिनीला 'बाई' म्हणते, आणि बाई स्वभावाने चांगल्या आहेत असं मला बाजूला घेऊन सांगते. तुझा फोटो दाखवला तेव्हा तिने तो नीट पुसून परत दिला.

काल दुपारी मी मुद्रितं तपासत होतो. ती समोर येऊन बसली, घरात पाहुणा एकटा पडू नये म्हणून बसतात तशी. बोलायला विषय काढायचा म्हणून तिने विचारलं, "तुम्हाला भाऊबिऊ कोणी?"

"आहे," मी म्हणालो. "धाकटा."

"येतो का?"

"लांब असतो."

"असू दे," ती म्हणाली. "पाठीवर कोणी असलेलं बरं असतं." आणि ऊन माझ्या कागदांवर येत होतं म्हणून पडदा सारायला उठली.

दादा